आजीची वही आणि वजनकाटा : घरच्या पाककृतींच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

आजपासून काम सुरू. आमच्या घरात रोज आणि सणावाराला जे रांधलं जातं, ते घरातल्या कुणालाही एकट्याने करता येईल असं लिहून काढायचं. वाईच्या जुन्या घरात काकू आहेत, कराडला मामी, इथे पुण्यात आई. आत्येभाऊ बंगळुरूला असतो, धाकटी बहीण न्यू जर्सीत. दोघांचे फोन ठरलेले असतात : आमटीत चिंच किती, भाजणी कुठवर भाजायची, भाकरी का चिरते. आई सांगते, "अंदाजाने घाल गं." तिच्या हाताला तो अंदाज आहे. ज्याच्या हाताला नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर या वहीत हवं.

पद्धत अशी ठरवली. करणारीने आपलं नेहमीसारखंच करायचं, मध्ये काही मोजायचं नाही. मी प्रत्येक डबा वापरायच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवणार. जो फरक येईल तो तिचा अंदाज. हात अडवून "थांब, मोजते" म्हटलं की हात बिचकतो आणि चमचा नेहमीसारखा पडत नाही.

प्रत्येक पानावर वजन, क्रम, आच आणि थांबायची खूण एवढं आलंच पाहिजे. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. नुसती सामानाची यादी छापील पुस्तकांतही मिळते. डाळ कढईतून नेमकी कधी उतरवायची ते तिथे क्वचितच असतं.

८ मार्च, शनिवार

आज वाईला जाऊन आजीची वही आणली. मोडी नाही, बाळबोधच आहे, पण मापं जुनी : छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, तोळा. वही तिच्या लग्नानंतरची, म्हणजे मेट्रिक मापांच्या आधीची. वजन-मापांचा कायदा १९५६ चा, किलो-ग्रॅम बाजारात यायला लागले १९५८ पासून. आजीने पुढेही बरीच वर्षं जुन्याच मापांत लिहिलेलं दिसतं.

वजनी शेराचं कोष्टक आतल्या कव्हरवर लिहून ठेवलं. १ तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्यावरून अच्छेर ४६६, पावशेर २३३, नवटाक ११७, छटाक ५८.

खरी गुंतागुंत धान्यात आहे. धान्य तोलून नाही, मापून घेत. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हा मापी शेर आणि वरचा वजनी शेर वेगळे, आणि गावोगावच्या पायलीतही फरक असे. म्हणून पुस्तकातला आकडा उचलून चालणार नाही, आमच्या घरातलं माप सापडायला हवं. काकूंनी माळ्यावरून लोखंडी चिपटं काढून दिलं. चिंचेने घासून, कोरडं करून त्यात एकेक धान्य शीग काढून भरलं आणि तोललं : तांदूळ २३६ ग्रॅम, बाजरी २४०, हरभरा डाळ २३२, गहू २२८. त्याच चिपट्यात धने जेमतेम १०० ग्रॅम बसले. चिपट्याला सरसकट पावशेर समजून भाजणीत धने घातले असते, तर ते दुपटीहून जास्त पडले असते.

काकू म्हणाल्या, "सासूबाई शीग काढताना हाताचा तळवाच फिरवायच्या, पट्टी नाही." मग तळव्याने फिरवूनही तोललं. चार-पाच ग्रॅमचा फरक. चालेल.

१३ मार्च, होळी

पुरणाची पोळी, काकूंच्या हातची. पोळी लाटण्याबद्दल मी फारसं लिहिणार नाही, ते बघूनच येतं. पुरण मात्र कागदावर येऊ शकतं.

हरभरा डाळ २५० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम. डाळ दोन तास भिजवून भरपूर पाण्यात, चिमटीत दाबली की पूर्ण पिचेपर्यंत शिजवायची. मध्ये कणी राहिली तर ती पुढे कशानेच जात नाही, कारण गूळ पडला की डाळ आणखी शिजायची थांबते. हे ठळक अक्षरांत लिहिलं. चाळणीवर निथळायची, खालचं पाणी म्हणजे कट, तो ठेवायचा. मग डाळीत गूळ घालून मध्यम आचेवर. आधी सगळं पातळ होतं, नवख्या माणसाला वाटतं की काहीतरी बिनसलं. बिनसलेलं नसतं. ढवळत राहायचं, तळाला लागू द्यायचं नाही. थांबायची खूण : पळी मधोमध उभी करून सोडली की उभी राहते. वेलदोडा-जायफळ उतरवल्यावर, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. गार झालं की फिरवताना हात भरून येतात.

कटाच्या आमटीसाठी काकू दोन चमचे पुरण त्यातच कालवतात, भाजलेलं खोबरं आणि जिरं वाटून लावतात, गोडा मसाला, चिंच, वरून फोडणी. ही आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे, आणि एवढं एकमत दुसऱ्या कुठल्याच पदार्थावर नाही.

२३ मार्च, रविवार

भाकरी. बहिणीसाठी हे पान सगळ्यात आधी हवं होतं.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा ताणणारा चिकटपणा नसतो. भाकरी धरून ठेवते ती पिठातली गरम पाण्याने फुललेली खळ आणि हाताने केलेली मळणी. ताजं पीठ असेल तर कोमट पाणी पुरतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून ठेवायची ताकद, जाते, मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि उचलताना मोडते. न्यू जर्सीत मिळणारं पीठ कधी दळलेलं असतं कुणास ठाऊक; तिने दरवेळी उकड काढूनच करावी. १०० ग्रॅम पिठाला साधारण ९० ते १०० मिलिलीटर पाणी चांगलं उकळायचं, गॅस बंद करून पीठ घालायचं, चाटूने हलवून पाच मिनिटं झाकायचं, आणि हाताला सोसेल तेव्हा तळव्याच्या टाचेने रगडून मळायचं. गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली नाही की झालं.

थापून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी वाळत आलं, पण पुरतं वाळलं नाही, तेव्हा उलटायची. उशीर झाला तर त्या बाजूला तडे जातात आणि पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की थेट आचेवर. तिच्याकडे विजेची शेगडी आहे, ज्योत नाही. तापलेल्या शेगडीवर जाळी ठेवून त्यावर भाकरी ठेवायला सांगितली. फडक्याने कडा हलकेच दाबल्या की फुगते.

पीठ शक्यतो मालदांडी ज्वारीचं. दाणा टपोरा, भाकरी पांढरी आणि गोडसर होते. बाजरीचं पीठ मात्र कुणीही साठवू नये. त्यातल्या तेलामुळे ते काही दिवसांतच कडू होतं आणि मग कशानेही सुधारत नाही.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड केलं, नोंद तीन ओळींची. दही रात्रभर टांगलं. चक्क्याच्या वजनाइतकीच साखर आई घालते, मी पाऊणपट लिहिली आहे आणि दोन्ही आकडे ठेवले आहेत. केशर कोमट दुधात.

६ एप्रिल, रविवार

आमटी. रोजची, चिंचगुळाची. हिला सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण घरातला कुठलाही माणूस दूर गेला की पहिल्यांदा याच चवीसाठी झुरतो.

आईने नेहमीसारखी केली, मी डबे तोलत राहिले. चौघांसाठी तूरडाळ १०० ग्रॅम, हळद आणि थेंबभर तेल घालून कुकरमध्ये. चिंच १२ ग्रॅम, गूळ १८ ग्रॅम, गोडा मसाला ५ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम. डाळ घोटून पाणी मिळवल्यावर एकूण साधारण ७०० मिलिलीटर. फोडणीला मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, लाल तिखट. क्रम : फोडणी, त्यावर चिंचेचा कोळ, तो उकळला की गूळ आणि मसाला, मग घोटलेली डाळ. चिंच डाळीबरोबर कुकरमध्ये कधीही घालायची नाही. आंबटाने डाळ शिजत नाही, दाणा तसाच राहतो.

मग त्याच आकड्यांनी आत्येभावाने बंगळुरूला केली. त्याची आमटी खारट आणि जास्त आंबट. आकडे तेच, डाळ तीच. आईने फोनवर एकच विचारलं : "चिंच कसली आहे रे तुझ्याकडे?" त्याची चिंच दुकानातली, जुनी, काळी आणि मीठ लावून साठवलेली. आईची याच हंगामातली, तांबूस, बिनमिठाची. जुनी चिंच रंगाला गडद आणि चवीला तीव्र असते, शिवाय लावलेलं मीठ थेट आमटीत उतरतं.

म्हणून चिंचेचं वजन पानावर राहील, पण त्याखाली कोळ चाखायची पायरी घातली. कोळ आधी वेगळा चाखायचा. मीठ लागलं तर डाळीतलं मीठ निम्मं करायचं आणि उकळी आल्यावर पुन्हा बघायचं. गूळ आंबटाच्या मागे जावा इतकाच, पुढे नाही.

थांबायची खूण आईने छान सांगितली. मसाला घातल्यावर आधी त्याचा वास वेगळा, डाळीचा वेगळा येतो. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळल्यावर दोन्ही मिळून एकच वास येतो आणि कडेला तेलाची बारीक रेघ दिसते. तेव्हा उतरवायची. हे वाक्य मी तिच्याच शब्दांत ठेवलं आहे.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्याला जोडून वाईला कुरडया. काकूंनी गहू गुरुवारीच भिजत घातले होते, रोज पाणी बदललं. काल दाणा दाबला की पांढरं दूध बाहेर येत होतं, साल मोकळी सुटत होती, वास आंबूस. गहू खपली. वाटून, पिळून, फडक्यातून गाळून चीक रात्रभर ठेवला. पहाटे वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकलं. खाली चीक इतका घट्ट बसला होता की चमच्याने खरवडून काढावा लागला.

चीक पातेल्याने मोजला आणि पाणी तेवढंच. पाण्यात मीठ, हिंग. मीठ नेहमीच्या सवयीपेक्षा कमी, कारण वाळल्यावर कुरडई आटते आणि खारटपणा वर येतो. पाण्याला खळखळून उकळी आली की काकू चीक धारेने सोडत होत्या आणि मी चाटूने घोटत होते. गुठळी होऊ न देणं हेच सगळं कौशल्य आहे. पांढरा दुधी रंग जाऊन काचेसारखी झळाळी आली, आणि ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटला नाही, तेव्हा झाकण ठेवून एक वाफ. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा.

गच्चीवर ऊन यायच्या आत सगळ्या पडल्या. शेजारच्या दोघी मदतीला आल्या होत्या. कुरडया एकटीने करायचा पदार्थ नाहीच, आणि पानावर "किमान तिघं लागतात" हे सामानाच्या यादीतच घातलं. पातेल्याच्या बुडाचा चीक सगळ्यांनी वाटून खाल्ला, मी तेल घालून, काकूंनी दूध-साखरेशी. चोथा टाकला नाही, हिरवी मिरची आणि तीळ घालून त्याच्या पापड्या केल्या.

१० मे, शनिवार

मसाले. आधी आजीचा गोडा मसाला. वहीत असं आहे : धने अच्छेर, खोबरं पावशेर, तीळ नवटाक, जिरे छटाक, दगडफूल १ तोळा, मग लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, नागकेशर, शहाजिरे थोडं थोडं, हळकुंड, हिंगाचा खडा. ग्रॅममध्ये मांडल्यावर दिसलं : ४६६, २३३, ११७, ५८. प्रत्येक जिन्नस आधीच्याच्या बरोबर निम्मा. म्हणजे आजीला हे वहीत बघावंच लागत नसणार. धन्यांचं माप ठरलं की पुढचं सगळं निम्म्या-निम्म्याने खाली येतं, मसाला किलोभर असो की मूठभर. किती सुंदर बांधणी आहे ही! पानाच्या वर मोठ्या अक्षरांत ८ : ४ : २ : १ लिहिलं.

भाजताना खोबरं आणि तीळ कोरडेच, बाकीचे थोड्या तेलावर आणि प्रत्येक वेगळा. खोबरं गडद तपकिरी, जवळजवळ करपायच्या टोकाला न्यायचं. मसाल्याचा काळेपणा आणि खमंगपणा तिथून येतो. दगडफूल शेवटी, तेलात नुसतं टाकून काढायचं.

दुपारी मामींचा फोन. कराडकडे रोजच्या भाजी-आमटीत कांदा-लसूण मसाला. त्यात मिरची मुख्य : रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. कांदा उभा चिरून, उन्हात वाळवून मग तळलेला, लसूण, सुकं खोबरं, धने आणि गरम मसाले. मिरच्या आणि मसाले डंकावर कांडायचे, कांदा-लसूण शेवटी मिसळायचा. त्यांनी या वर्षीचा नुकताच करून ठेवला आहे. पाऊस कधी हजेरी लावेल याचा भरवसा नाही, म्हणून मिरच्या एप्रिलमध्येच वाळवल्या.

आत्येभाऊ म्हणाला, दोन्हींचं मिळून एकच पान कर, सोपं जाईल. मी नाही म्हटलं. आईने माहेरचा मसाला सासरी आणला, पण दोन्ही डबे आजवर वेगळेच ठेवले : आमटीला गोडा, मटकीच्या उसळीला कराडचा. एकत्र करून मधलं काहीतरी लिहिलं तर दोन्ही घरांची चव जाईल. प्रत्येक पानावर ते कुठल्या घरचं हे लिहायचं, आणि फरक असेल तिथे दोन पानं करायची.

१८ मे, रविवार

थालीपिठाची भाजणी. आजीच्या वहीतून : बाजरी १ मापटं, ज्वारी १ मापटं, तांदूळ १ चिपटं, हरभरा डाळ १ चिपटं, उडीद डाळ १ कोळवं, गहू १ कोळवं, धने १ कोळवं, जिरे मूठभर. आमच्या चिपट्याने वजनात : बाजरी ४८०, ज्वारी ४७०, तांदूळ २३६, हरभरा डाळ २३२, उडीद डाळ १२०, गहू ११४, धने ५०, जिरे २५ ग्रॅम.

मी आणि आईने लोखंडी कढईत भाजली, सगळी वेगवेगळी. एकत्र भाजायचा मोह होतो, पण बाजरीचा दाणा बारीक आणि हरभऱ्याची डाळ जाड. डाळ होईस्तोवर बाजरी करपते. आच मध्यमपेक्षा थोडी खाली. प्रत्येकाची खूण वेगळी लिहिली. बाजरी तडतडायला लागते. ज्वारीचे काही दाणे लाह्यांसारखे फुटतात. तांदूळ फुलून पांढरा होतो आणि दाताखाली कुटकन मोडतो. हरभरा डाळ बदामी, आणि चावल्यावर आतून कच्चा हिरवट वास येत नाही. उडीद डाळ सगळ्यात फसवी : रंग बदलेपर्यंत काही होत नाही आणि मग अर्ध्या मिनिटात लाल होते, म्हणून किंचित आधीच ताटात ओतायची. धने-जिरे कढई उतरवल्यावर, नुसत्या उष्णतेवर.

पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला न्यायची नाही. गरम दाण्यातली वाफ पिठात राहते, पिठाला गोळे धरतात आणि खवट वास येतो. गिरणीत आपल्या आधी कुणाचं काय दळलं हेही विचारावं. आधी मिरची असेल तर थांबावं.

संध्याकाळी थालीपिठं. दोन वाट्या भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, चमचाभर तेल, कोमट पाण्याने सैलसर. ओल्या फडक्यावर थापून मधे भोकं पाडायची आणि भोकांत तेल सोडायचं. झाकणाखाली एक बाजू, उघडी दुसरी. वर लोणी.

८ जून, रविवार

यंदा पावसाने मे संपायच्या आतच गाठलं. आज मेतकूट आणि मऊ भात. मेतकूट आईचं : हरभरा डाळ ४ भाग, तांदूळ २, उडीद डाळ १, थोडे गहू, धने, जिरे, मोहरी, अगदी थोडी मेथी, सुकी मिरची, सुंठ, हळद, हिंग. सगळं कोरडं भाजलेलं. मेथी जास्त झाली किंवा जास्त भाजली तर सगळं कडू, म्हणून तिचं वजन डाळ-तांदळासारखं भागांत न लिहिता ग्रॅममध्ये लिहिलं : २०० ग्रॅम हरभरा डाळीला ३ ग्रॅम. भात आंबेमोहराचा असेल तर बाकी काही लागत नाही. तूप, मेतकूट, मीठ, लिंबाची फोड.

२२ जून, रविवार

पान पुरं झालं असं कधी म्हणायचं, हे आज ठरलं : आमच्यापैकी कुणालाही फोन न करता दुसऱ्याने त्यावरून पदार्थ केला, आणि खाणाऱ्याला घरचा वाटला, तेव्हा. आमटी आणि भाकरी दोघांकडूनही पास. बहिणीने भाजणी घरीच लहान चक्कीत दळली. तिची थालीपिठं थोडी रवाळ झाली आणि तिच्या मुलांना तशीच आवडली. तिच्या पानावर "न्यू जर्सी : रवाळ दळण" अशी वेगळी ओळ घातली, खाली आईची सही घेतली. पुरण अजून कुणी करून पाहिलेलं नाही.

बाकी कामं. गोड्या मसाल्याच्या पानात हिंगाच्या खड्याचं वजन घालायचं, आजीने फक्त "खडा" लिहिलं आहे आणि खडे सारखे नसतात. काकूंच्या डब्यातला खडा तोलून घ्यावा लागेल. मामींकडून कांदा वाळवायचा काळ ऊन आणि ढगाळ अशा दोन्ही दिवसांसाठी विचारायचा. आषाढी ६ जुलैला आहे, त्याआधी उपासाच्या भाजणीचं पान. उकडीच्या मोदकांसाठी २७ ऑगस्टच्या गणपतीची वाट बघायची. पिठीचे तांदूळ ओले करून, वाळवून दळायचे की कोरडेच दळायचे यावर काकू आणि आई यांचं वेगळं मत आहे, तेव्हा त्याचीही दोन पानं होतील.